सहा बाटल्या आणि भाट्याची खाडी: पाण्यात काय कमी पडतंय ते कसं शोधायचं

भाट्याच्या पुलावरून दोरीला बांधलेली बादली खाली सोडायची, भरतीचं पाणी वर ओढायचं आणि घरी न्यायचं. महिन्यातून दोनदा, गेली चौदा वर्षं माझा हा नेम आहे. मी रत्नागिरीत वनस्पतिशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे. तरी दर जून-जुलैत कुणीतरी विद्यार्थिनी फोन करतेच, "बाई, प्लवकांवर प्रोजेक्ट करायचाय, पण आमच्या कॉलेजात नायट्रेट मोजायचं यंत्र नाही." प्लवक म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे बारीक जीव; इथे मी बोलते आहे ते मुख्यतः उन्हावर वाढणाऱ्या, वनस्पतींसारख्या प्लवकांबद्दल. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्यांसाठी हे सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. जाळं टाकायचं, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, पुस्तकातल्या चित्रांशी ताडून पस्तीस नावांची यादी करायची, याला मी अभ्यास म्हणत नाही. यादीवरून कोण आहे ते कळतं. तेच का आहेत आणि दुसरे का नाहीत, हे कळत नाही. ते विचारायला यंत्र लागत नाही. बाटल्या लागतात, तीन साधी रसायनं लागतात आणि चार दिवस धीर लागतो.

भातखाचरातून समजून घ्या

नुसता युरिया मारला की भात उंच होतो आणि पहिल्या वाऱ्याला लोळतो, हे कोकणातल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. खत किती घातलं त्याइतकंच कुठलं घातलं आणि कुठलं राहिलं, यावर पीक ठरतं. जी गोष्ट सगळ्यात तोकडी, तिथे वाढ थांबते. एकोणिसाव्या शतकात युस्टुस फोन लिबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने शेतीसाठी हा नियम लोकांच्या गळी उतरवला. समुद्रातही तो चालतो. फरक इतकाच की शेतात पीक आपण निवडतो, आणि समुद्रात जे तोकडं पडतं ते पीक निवडतं.

१९३४ साली आल्फ्रेड रेडफील्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवलं की समुद्रातल्या प्लवकांच्या शरीरात नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचं प्रमाण सर्वसाधारणपणे ठरलेलं असतं. आज आपण ते १६ अणूंना १ अणू असं धरतो. डायटम नावाच्या एकपेशी शेवाळांना याशिवाय सिलिकॉन लागतं, जवळजवळ नायट्रोजनइतकंच, कारण त्यांची पेशी काचेच्या डबीत राहते. ही डबी वाळूच्याच द्रव्याची, सिलिकाची. पाण्यातलं सिलिकेट संपलं की डायटमला नवी डबी करता येत नाही. मग नायट्रेट कितीही असो, त्याचा उपयोग डबी न लागणारे करून घेतात, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट आणि इतर बारीक चाबूकधारी, चाबकासारखा धागा हलवत पोहणाऱ्या एकपेशी जीवांची जमात.

दुसरी बाब आकाराची. पोषक द्रव्यं पेशीच्या पृष्ठभागातून आत जातात. पेशी जितकी लहान, तितका तिच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त. म्हणून उपासमारीच्या पाण्यात बारक्या पेशी तगतात, आणि सुबत्तेच्या, घुसळलेल्या पाण्यात मोठे, साखळ्या करणारे डायटम बाजी मारतात. रामोन मार्गालेफ या कातालान शास्त्रज्ञाने १९७८ मध्ये हे एका आकृतीत मांडलं: एका अक्षावर पोषक द्रव्यं, दुसऱ्यावर पाण्याची घुसळण. त्या आकृतीला जगभर मार्गालेफचं 'मंडल' म्हणतात. आपला शब्द इतक्या लांब जाऊन समुद्राच्या शास्त्रात बसला, याचं मला दर वेळी शिकवताना बरं वाटायचं.

मत्स्यालयाचं किट घेऊ नका

पहिला मोह इथेच होतो. मासे पाळण्याच्या दुकानात नायट्रेट तपासायचं किट मिळतं, थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. अशा किटवर शून्यानंतरची खूण बहुधा लिटरला ५ मिलिग्रॅमची असते. हिशेब करा: लिटरला ५ मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे लिटरला सुमारे ८० मायक्रोमोल (मायक्रोमोल हे कणांची संख्या मोजायचं एकक). उन्हाळ्यात आपल्या किनाऱ्याच्या वरच्या पाण्यात ते एक मायक्रोमोलच्याही खाली जातं. म्हणजे किट वर्षातले बहुतेक दिवस 'शून्य' दाखवणार आणि तुम्ही वहीत शून्य लिहीत राहणार. धान्याच्या वखारीतल्या काट्यावर केशर जोखण्यासारखं आहे ते.

म्हणून आपण पाण्यातलं नायट्रेट मोजायचंच नाही. प्लवकांना थोडं थोडं वाढून बघायचं आणि कशाला हात घालतात ते पाहायचं.

पाणी कधी आणि कसं घ्यायचं

खाडीचं पाणी ही एक वस्तू नाही. भरतीला पुलाखाली समुद्र असतो आणि ओहोटीला काजळी नदी. दोन्हींची सरमिसळ केली तर वर्षभराच्या नोंदी फुकट जातील. मी भरती पूर्ण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत पाणी घेते. नदीचं पाणी हवं असेल तर त्याच दिवशी ओहोटीला दुसरा फेरा करते. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, तेव्हा 'दर रविवारी सकाळी आठ' असं वेळापत्रक लावून चालत नाही. भरतीचा तक्ता घ्या आणि तारखा त्यावरून ठरवा. मी एक फेरी उधाणाला करते आणि एक भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा. त्यामुळे घुसळणीचाही फरक हाती लागतो.

क्षारता मोजायला हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर पुरतो. एप्रिलमध्ये भरतीला माझ्याकडे हजाराला पस्तीसच्या आसपास येते, जुलैत कधी कधी आतली रेघ शून्यावरून हलतच नाही. चिपळूणकडच्या मुलींनी एक लक्षात ठेवा: कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी वाशिष्ठीत येतं. त्यामुळे दाभोळच्या खाडीला भर उन्हाळ्यातही गोड पाणी मिळत राहतं. तुमचे उन्हाळ्यातले आकडे माझ्याशी जुळले नाहीत तर घाबरू नका.

पावसाळ्यात होडीत बसू नका. पूल किंवा जेटी, एवढंच. आमचे होडीवाले तात्या नारळी पौर्णिमा झाल्यावरच मला समुद्रात नेतात, आणि त्याआधी मी कधी विचारतही नाही.

पाणी वर आल्यावर पहिलं काम गाळणं. २०० मायक्रॉनच्या, म्हणजे ०.२ मिलिमीटर छिद्रांच्या नायलॉन जाळीतून बादलीतलं पाणी हळूहळू ओता. यात कोपेपॉड (टाचणीच्या डोक्याएवढे कवचधारी प्राणी), जवळ्याची पिल्लं आणि मोठे खादाड बाजूला होतात, नाहीतर चार दिवसांत तेच तुमचं पीक चरून टाकतील. वर राहिलेला ऐवज फेकू नका, वेगळ्या बाटलीत ठेवा. तो नंतर लागतो.

प्लवकांचं जाळं विकत घ्यायला पैसे नसतील तर स्क्रीन प्रिंटिंगचं साहित्य विकणाऱ्याकडे जा. सेंटिमीटरला १२० धाग्यांचं कापड मागा. त्याची छिद्रं पन्नास मायक्रॉनच्या थोडी आतच असतात. त्याचा शंकू शिवा, तोंडाला बांगडीसारखी तारेची कडी लावा, टोकाला छोटी बाटली बांधा. साखळ्या करणारे डायटम यात छान सापडतात. बारीक पेशी निसटतात, म्हणून मोजणी कधीही जाळ्याच्या नमुन्यावर करायची नाही. मोजायचं ते बादलीच्या पाण्यातूनच.

तीन द्रावणं, सहा बाटल्या

कॉलेजच्या प्रयोगशाळेतली शुद्ध रसायनं घ्या, खताच्या दुकानातली नकोत. तिन्ही द्रावणं वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत, ऊर्ध्वपातित पाण्यात करा. एक लिटर पाण्यात २.०२ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट. दुसऱ्या लिटरमध्ये ०.१७ ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट. तिसऱ्यात ५.६८ ग्रॅम सोडियम मेटासिलिकेट, नऊ रेणू पाणी असलेलं; लेबल नीट वाचा, कारण निर्जल मिळालं तर वजन बदलतं. आता यातलं १ मिली एका लिटर समुद्राच्या पाण्यात घातलं की नायट्रेट २० मायक्रोमोलने, फॉस्फेट १.२५ ने आणि सिलिकेट २० ने वाढतं. म्हणजे सोळाला एक हे रेडफील्डचं प्रमाण बरोबर राखलं गेलं.

पाण्याच्या रिकाम्या एक लिटरच्या पारदर्शक बाटल्या सहा. पहिलीत काही घालायचं नाही. दुसरीत नायट्रेट, तिसरीत फॉस्फेट, चौथीत सिलिकेट. पाचवीत नायट्रेट आणि फॉस्फेट. सहावीत तिन्ही. जमलं तर प्रत्येकीची जोडी करा, बारा बाटल्या. एकच बाटली असेल आणि ती बिघडली तर ती बिघडली हे कळायचाही मार्ग नसतो.

बाटल्या काचेच्या का नकोत? मी सुरुवातीला प्रयोगशाळेतले काचेचे चंबू वापरले होते. काचेतून सिलिका पाण्यात उतरते. माझ्या पाचव्या आणि सहाव्या चंबूत कधी फरकच पडेना, आणि मी एक अख्खा हंगाम 'भाट्यात सिलिकेट कधीच कमी पडत नाही' असं समजून बसले. त्याच वर्षी चंबू धुण्याच्या पावडरीने घासले होते. पावडरीत फॉस्फेट असू शकतं, त्यामुळे पहिली 'काही न घातलेली' बाटलीही खरी राहिली नव्हती. ती सगळी वही मला बाजूला ठेवावी लागली. तेव्हा बाटल्या साबण न लावता दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने विसळा, ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा धुवा आणि शेवटी त्याच खाडीच्या पाण्याने एकदा खळबळून घ्या.

भरलेल्या बाटल्या घमेल्यात किंवा टबात, गळ्यापर्यंत पाण्यात बुडवून, सकाळचं ऊन येईल अशा जागी ठेवा. वर मच्छरदाणीचं पांढरं कापड दुहेरी घाला. थेट उन्हात पाणी तापतं आणि प्लवक मरतात. दिवसातून तीन-चारदा बाटल्या हळूच उलट्यासुलट्या करा आणि त्यांच्या जागाही बदला. कडेच्या बाटलीला नेहमी जास्त उजेड मिळतो.

चौथ्या दिवशी

दुसऱ्या दिवसापासून रोज सगळ्या बाटल्या पांढऱ्या कागदासमोर ओळीत धरा. डायटम वाढले की पाण्याला चहाच्या पाण्यासारखी सोनेरी-तपकिरी झाक येते. हिरवट झाक आली तर बहुधा दुसरं कुणीतरी आहे. आधी जिवंत थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा, रंग आणि हालचाल तिथेच कळते. ते झालं की मगच ल्युगोल, म्हणजे पेशी मारून जशाच्या तशा टिकवणारं आयोडीनचं द्रावण.

ल्युगोलचं द्रावण असं: २० ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि १० ग्रॅम आयोडीन २०० मिली पाण्यात विरघळवायचं, मग २० मिली ग्लेशियल ॲसिटिक आम्ल. हे काम शिक्षकांसमोर, हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून करा. १०० मिली नमुन्यात साधारण १ मिली घालायचं, फिक्या चहाचा रंग येईपर्यंत.

तो नमुना १०० मिलीच्या मोजपात्रात तीन दिवस हलवू नका. डायटम लवकर तळाला बसतात, बारीक चाबूकधारींना वेळ लागतो. मग बारीक नळीने वरचं ९० मिली पाणी अलगद काढून टाका. उरलेल्या १० मिलीतलं १ मिली सेजविक-राफ्टर कोशिकेत घ्या. ही एक मिलिमीटर खोल, हजार चौकोनांची काचपट्टी असते. सगळ्या चौकोनांत मिळालेल्या पेशींना शंभराने गुणलं की मूळ पाण्यातल्या दर लिटरच्या पेशी मिळतात. या कोशिकेवर १० पटीची भिंगच वापरा, ४० पटीची एवढ्या खोलीत जुळत नाही. नाव पक्कं करायचं तर साध्या काचपट्टीवर थेंब घ्या.

जातीपर्यंत पोचलं पाहिजे असा हट्ट धरू नका. किटोसेरोस, स्केलेटोनिमा, थॅलॅसिओनिमा, कॉसिनोडिस्कस, सिरॅशियम, प्रोरोसेंट्रम, एवढी प्रजातींची नावं ओळखता आली तरी खूप उलगडतं. आणि नाव नाहीच आलं तर 'साखळीवाला डायटम', 'एकटा गोल डायटम', 'कवचवाला डायनोफ्लॅजेलेट', 'बारीक चाबूकधारी' असे चार रकाने करा. चुकीच्या लॅटिन नावापेक्षा खरा रकाना बरा.

आता बाटल्या काय म्हणतात ते ऐका

जुलैत हा प्रयोग केला तेव्हा मला वाटलं सगळं बिघडलं. काही न घातलेली पहिली बाटलीही चौथ्या दिवशी तपकिरी झाली होती, सहावीइतकीच. दोन दिवस मी विचार करत होते. मग बाटलीच्या बुडाशी साचलेल्या लाल गाळाकडे लक्ष गेलं. काजळी नदी जांभ्या दगडाच्या सड्यांवरून आणि भातखाचरांमधून येते. दगडमातीतलं सिलिकेट आणि शेतातला नायट्रोजन ती भरभरून आणते, पण सोबत गाळही आणते. खाडीत वाढ अडते ती उजेडावाचून. बाटलीत गाळ खाली बसला, उजेड मिळाला आणि आधीपासून असलेल्या अन्नावर डायटम वाढले. पहिल्या बाटलीचं वाढणं हेच त्या महिन्याचं उत्तर होतं. तेव्हापासून मुलींना सांगते, की काही न घातलेली बाटली सगळ्यात जास्त वेळ बघा.

सप्टेंबरच्या अखेरीपासून पाणी निवळतं, आणि अन्न अजून शिल्लक असतं. हा साखळीवाल्या डायटमचा काळ. कुलाबा ते कोचीन, तारली नि बांगड्यावर जगणाऱ्या माणसांनी हे दिवस जपून बघितले पाहिजेत. पश्चिम किनाऱ्यावरच्या जुन्या मत्स्य-अभ्यासकांनी तारलीच्या पोटात फ्रॅजिलॅरिया हा डायटम भरपूर पाहिला आणि त्याच्या बहराचा संबंध तारलीच्या थव्यांशी जोडला.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये माझी दुसरी बाटली, म्हणजे नुसत्या नायट्रेटची, पहिलीहून स्पष्ट पुढे जाते. तिसरी जात नाही. फॉस्फेट आहे, नायट्रोजन संपलाय. असं का, याचं एक कारण किनाऱ्यापासून थोडं आत, तळाशी आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या काळात आपल्या किनाऱ्याजवळ खालून थंड, कमी प्राणवायूचं पाणी वर सरकतं. नदीच्या गोड पाण्याचा थर वर झाकणासारखा बसतो. साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तळाचा प्राणवायू इतका घटतो की जिवाणू श्वासासाठी नायट्रेट वापरू लागतात. नायट्रोजन वायू होऊन निघून जातो, फॉस्फेट मागे राहतं. सोळाचा आकडा खाली घसरतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ १९९७ पासून कांदोळीसमोर एका ठरलेल्या जागी हेच मोजत आले आहेत. २००० साली नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' साप्ताहिकात दाखवलं की भारताच्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ समुद्रात ही प्राणवायूची घट तीव्र झाली आहे आणि तिथून नायट्रस ऑक्साइड हा हवा तापवणारा वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. माझ्या घमेल्यातल्या दुसऱ्या बाटलीचा धागा तिथवर जातो, हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

पाचवी आणि सहावी बाटली शेजारी ठेवून बघण्याचा खरा काळ डिसेंबर ते फेब्रुवारी. नदी आटलेली असते, सिलिकेटची आवक घटलेली. सहावीत डायटम. पाचवीत पाणी रंगतं, पण पेशी मोजल्या तर चाबूकधारींचा वाटा वाढलेला असतो. शहराच्या सांडपाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस असतो, त्या मानाने सिलिकेट फार थोडं. म्हणजे गटार खाडीत सोडणं म्हणजे रोज पाचवी बाटली ओतणं. मला या गोष्टीचा मनापासून त्रास होतो. जाळ्यात काय येणार, हे आपण नकळत नाल्याच्या तोंडाशी ठरवतो आहोत.

याच दिवसांत २०० मायक्रॉनच्या जाळीवर राहिलेला ऐवज उघडा. मोहरीहून लहान, पारदर्शक फुग्यासारखे गोळे दिसले तर ते नॉक्टिल्युका, डायनोफ्लॅजेलेटांतलाच एक मोठा प्रकार. रात्री लाट निळी चमकते ती बहुतेक वेळा यांच्यामुळे. आपल्याकडे दिसणारा लाल प्रकार अन्न बनवत नाही, डायटम खातो. म्हणजे त्याची गर्दी हे आधी होऊन गेलेल्या डायटमच्या बहराचं उष्टं ताट असतं. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पसरतो तो हिरवा प्रकार. त्याच्या पोटात बारीक हिरव्या शेवाळाच्या पेशी राहतात आणि त्याला घरबसल्या अन्न देतात. लाट चमकली की फोटो काढायला गर्दी होते. तुम्ही बाटली घेऊन जा.

मार्च ते मे. पाणी स्वच्छ, निळं, उपाशी. काचपट्टी रिकामी दिसते, पण 'प्लवक नाहीत' असं लिहू नका. एक मायक्रॉनच्या आसपासच्या पेशी आपल्या भिंगाला दिसत नाहीत, इतकंच. एकदा एप्रिलमध्ये तात्यांनी हाक मारली, "बाई, पाण्यावर लाकडाचा भुसा पडलाय बघा, इकडे वखार कुठे आली?" तो ट्रायकोडेस्मियम होता, धाग्यांचे पुंजके करणारा निळा-हिरवा जिवाणू. हवेतून पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायू तो स्वतः वापरतो, म्हणून नायट्रेट नसलेल्या पाण्यात त्याचंच राज्य. जेम्स कुकच्या खलाशांनीही त्याला समुद्री भुसाच म्हटलं होतं. तो बाटल्यांत भरू नका. फार नाजूक असतो, दुसऱ्या दिवशी पेशी फुटतात आणि त्यातला नायट्रोजन तुमच्या सगळ्या बाटल्या बिघडवतो. भुसा दिसला तर तारीख, वेळ, वारा आणि पट्ट्याची दिशा लिहा, एक नमुना ल्युगोलमध्ये घ्या आणि प्रयोग आठवडाभर पुढे ढकला.

शेवटचं काम कपाटातलं. प्रत्येक नमुन्याच्या बाटलीवर पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी चिकटवा, कारण पेनाची शाई ल्युगोलने पुसते: तारीख, भरतीची वेळ, क्षारता, बाटलीचा क्रमांक. बाटल्या अंधारात ठेवा आणि दर तीन महिन्यांनी उघडून बघा. चहाचा रंग उडाला असेल तर दोन थेंब ल्युगोल घाला. माझ्या कपाटात २०१३ च्या ऑक्टोबरमधली किटोसेरोसची साखळी अजून शाबूत आहे, काटे सुद्धा.